कॅलेंडरवरचा दहाचा आकडा

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

नव्या वर्षाकडून अपेक्षा मोठ्या धराव्यात की बेताच्या, यावर आपल्या पुरवणीतले लेख वाचले. एकाचं म्हणणं, मोठं मागा म्हणजे निदान मधलं तरी मिळेल. दुसऱ्याचं, काही मागूच नका म्हणजे अपेक्षाभंग नाही. मी बुलढाणा जिल्ह्यात तीस वर्षं विविध कार्यकारी सोसायटीचा गटसचिव होतो. दर उन्हाळ्यात लोकांना पीककर्ज द्यायचं आणि ३१ मार्चपर्यंत ते वसूल करायचं, हे माझं काम. लोकांच्या अपेक्षा मी खतावणीत वाचल्या आहेत, तेव्हा चार ओळी माझ्याही छापाव्यात.

ज्या ३१ डिसेंबरला शहरात फटाके वाजतात, त्याच दिवशी आमच्या विदर्भात खरिपाची अंतिम पैसेवारी जाहीर होते. गावात ठरावीक प्लॉट पाडून पीक कापतात, मळतात, वजन करतात आणि नेहमीच्या उत्पन्नाच्या मानानं रुपयात किती पैसे पिकलं ते ठरवतात. पूर्वी याला आणेवारी म्हणत, सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक. म्हातारी माणसं अजून तेच म्हणतात. पन्नास पैशांच्या आत आकडा आला तर महसुलात सूट, वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या वीजबिलात साडेतेहतीस टक्के सवलत, पोरांची परीक्षा फी माफ, अशा गोष्टी पदरात पडण्याची आशा. २०१६च्या दुष्काळ संहितेनंतर दुष्काळ ठरवायचे निकष बदलले, तरी पन्नासचा आकडा लोकांच्या डोक्यातून गेलेला नाही. वर्ष संपताना आपला आकडा कमी निघावा म्हणून देव पाण्यात घालून बसणारी माणसं मी पाहिली आहेत. पीक गेलेलंच असतं, निदान ते गेलं असं कागदावर तरी यावं. मोठी अपेक्षा की छोटी, हा प्रश्न त्यांना विचारून बघावा.

आमच्याकडे तसंही कुणी मोठं बोलत नाही. शेत डोलत असलं तरी 'काय म्हणते पीक?' याला उत्तर एकच, 'बरं हाय.' आमचे वडील तर कोठी भरली तरी 'आठ आणे झालं' म्हणायचे. नजर लागू नये, उसनं मागणारा येऊ नये आणि पुढच्या साली कमी आलं तर तोंड लपवावं लागू नये, अशी तिन्ही कारणं त्यात होती. भेंडवळ गाव आमच्यापासून लांब नाही. अक्षय्य तृतीयेला तिथे घटमांडणी होते, म्हणजे घटाभोवती धान्यं मांडतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यावरून पीक-पावसाचं भाकीत सांगतात. अमुक पीक चांगलं, तमुक साधारण, आणखी एक 'मोघम'. माझा त्या भाकितावर विश्वास नाही, पण 'मोघम' हा शब्द मला फार आवडतो. 'यंदा काय होईल' याला इतकं प्रामाणिक उत्तर मी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

हवामान खात्याचं तरी काय? २०२३ला त्यांनी पाऊस सरासरीच्या ९६ टक्के सांगितला, पडला ९४. अंदाज बरोबरच म्हणायचा. पण त्यातला ऑगस्ट १९०१पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट निघाला आणि फुलोऱ्यातलं सोयाबीन डोळ्यांदेखत सुकलं. २०२५ला सरासरीपेक्षा जास्त सांगितला, पडलाही १०८ टक्के. तो सप्टेंबरात मराठवाड्यात असा पडला की उभ्या पिकासकट माती वाहून गेली. दोन्ही वेळा आकडा जमला, पण घर चाललं नाही.

मला सांगायची आहे ती गोष्ट मात्र शेजारच्या बापूंची. २०२१च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांवर गेलं होतं, हे आपल्या वाचकांना आठवत असेल. त्याच महिन्यात केंद्रानं बारा लाख टन जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनच्या, पेंडीच्या आयातीला परवानगी दिली, आणि नवा माल बाजारात येईपर्यंत भाव निम्म्यावर आला. बापूंच्या घरी चाळीस क्विंटल झालं होतं. त्यांनी कट्टे, म्हणजे पोती, माजघरात भिंतीला लावून छतापर्यंत रचले, वर खिळ्याला कॅलेंडर टांगलं आणि त्याच्या कोपऱ्यात लाल पेनानं मोठा १० काढला. नात त्याच थप्पीच्या खालच्या कट्ट्यावर बसून पाढे म्हणायची. भाव साडेसहा झाला, सात झाला. मी वसुलीला गेलो की म्हणायचे, "दहाच्या खाली एक दाना नाई देत, सचिवसायेब. भाव त येतेच." पुढच्या साली नवीन कॅलेंडर आलं, त्यावरही १० काढला. २०२३च्या पावसाळ्याच्या तोंडाला बियाण्याला पैसे हवे म्हणून माल काढला तेव्हा भाव पाच हजारांच्या आत होता. वजन भरलं अडतीस क्विंटल आणि काही किलो. बाकीचं उंदरांनी आणि उन्हाळ्यानं नेलं. मधल्या काळात सोसायटीचं कर्ज थकलं, म्हणजे मुदतीत भरणाऱ्याला मिळणारी व्याजाची सवलतही गेली. तो हिशेब मीच मांडून दिला, म्हणून पक्का ठाऊक आहे.

बापूंना हसणारा मीही शहाणा नव्हतो. त्याच २०२३च्या जानेवारीत माझी तूर आली. हाती आलं ते आपलं, या हिशेबानं खळ्यावरूनच साडेसात हजारांच्या आसपास विकून मोकळा झालो. पावसाळ्यात तूर दहा हजारांच्या वर गेली. तेव्हा बापू ओसरीवर बसून पान लावत म्हणाले, "तुमी त उंदरालेबी संधी नाई देली." यावर मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही.

पण तीस वर्षांच्या खतावण्या चाळल्यावर माझं एक मत झालं आहे. बापूंचा दहाचा आकडा चूक नव्हता. त्याच्या शेजारी तारीख नव्हती. आमच्या धंद्यात ज्या गोष्टी चालतात त्या सगळ्यांना तारीख आहे. सालगडी पाडव्याला ठरतो, लाख-सव्वा लाखाचा आकडा त्याच दिवशी बोलला जातो आणि पुढच्या पाडव्याला फिटतो. मध्ये पीक सोळा आणे होवो की चार आणे. कर्जाला ३१ मार्च आहे. पैसेवारीला ३१ डिसेंबर. फक्त आपल्या मनातल्या भावाला मुदत नसते, म्हणून तो थप्पीसारखा घर अडवून बसतो. लेखकमहाशयांनी अपेक्षा किती मोठी असावी यावर एवढी शाई खर्च केली, ती कधीपर्यंत धरायची यावर दोन ओळी लिहिल्या असत्या तर आमच्या कामी आल्या असत्या.

दुसरं, खर्च. सोळा आण्यांची आशा फुकट आहे, खुशाल धरावी. पण बी घेताना, पोरीचं लग्न ठरवताना, ट्रॅक्टरचा हप्ता बांधताना जो सोळा आणे धरतो त्याचं खातं मला न उघडता सांगता यायचं. आमच्या सोसायटीत एक बाई होत्या, नवरा गेल्यावर पाच एकर एकट्या बघायच्या. त्या मला विचारायच्या, "दहा आनेच झालं, त हप्ता किती बसीन?" दहा आण्यांवर त्यांनी सगळं संसाराचं गणित मांडलं. त्यांच्याकडे वसुलीला जायची वेळ माझ्यावर कधी आली नाही.

परवा १ जानेवारीला बापूंकडे चहाला गेलो होतो. यंदा माजघरात थप्पी छातीइतकीच आहे. निम्मा माल दिवाळीच्या आसपासच गेला. २०२५-२६च्या हंगामाचा हमीभाव ५,३२८ आहे आणि बाजारात काय मिळतं ते आपणच रोज छापता. खिळ्याला नवीन कॅलेंडर होतं. सवयीनं कोपऱ्यात बघितलं, तर कोपरा कोरा. पानं उलटली तेव्हा फेब्रुवारीच्या पंधरा तारखेभोवती लाल पेनाचा गोल दिसला.

"किती भाव धरला?" मी विचारलं.

"तो नाई लिवला," बापू म्हणाले. "त्या दिसी जो आसन तो."

आपला,
एक निवृत्त गटसचिव
जि. बुलढाणा