वाईनच्या बाटलीवर कामाचं तेवढं लिहायला लावा

प्रति,
मा. मंत्री,
अबकारी कर व ग्राहक व्यवहार

महोदय,
स. न. वि. वि.

वाईन घ्यायला गेले की मी शेल्फपुढे पंधरा-वीस मिनिटं तरी उभी असते. एक बाटली उचलायची, फिरवून मागचा मजकूर वाचायचा, ठेवून द्यायची, मग दुसरी. शेजारी उभी असलेली माणसंही तेच करत असतात. सगळ्यात स्वस्त घ्यायला मन धजत नाही, महाग परवडत नाही, म्हणून मधली कुठलीतरी उचलून सगळे बाहेर पडतात. घरी उघडल्यावर चांगली निघाली तर नशीब. ज्याच्याकडे भरपूर पैसा आहे त्याला सल्ला द्यायला जाणकार माणूस मिळतो. बेताच्या पैशात काही चांगलं शोधणाऱ्याच्या हातात फक्त लेबल असतं, आणि नेमकं हवं तेच त्यावर नसतं. ते लिहायला लावणं आपल्या अधिकारात आहे, म्हणून हे पत्र.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. दारू स्वस्त करा, अशी माझी मागणी नाही. मद्याचं कुठलंही प्रमाण आरोग्याला पूर्णपणे सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३मध्ये सांगितलं आहे आणि ते मी मनावर घेतलं आहे. थोडी घ्यावी, पण घ्यावी ती चांगली, असं मानणारी मी. आणि जी व्यक्ती महिन्यातून एखादी बाटली आणते, तिची ती एक बाटली वाया गेली तर तिला ते फार लागतं.

चांगली हवी तर महाग घ्या, हा सल्ला सगळेच देतात. तो खरा असता तर प्रश्नच नव्हता. पण २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात किंमत न सांगता वाईनची चव घ्यायला लावली होती. ६ हजारांहून अधिक नोंदी जमवल्या. प्रशिक्षण नसलेल्या लोकांना महाग वाईन जास्त आवडल्याचं त्यात दिसलं नाही. उलट किंचित कमीच आवडली. चव घेण्याचं शिक्षण घेतलेल्यांचा कल मात्र महाग वाईनकडे थोडा दिसला. त्याच वर्षी आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एकच वाईन दोनदा दिली, फक्त सांगितलेली किंमत वेगळी. जास्त किंमत ऐकल्यावर लोकांना तीच वाईन जास्त आवडली, आणि मेंदूच्या चित्रणात सुखाशी जोडलेला भागही जास्त जागा झालेला दिसला. म्हणजे किंमत ऐकली की जिभेवरही तिचा परिणाम होतो.

याची मुळं जुनी आहेत. बोर्दो या फ्रान्समधल्या नामांकित वाईन-प्रदेशाची १८५५ची प्रसिद्ध वर्गवारी पॅरिसच्या प्रदर्शनासाठी दलालांनी तयार केली, आणि तिचा मुख्य आधार होता त्या काळात त्या वाईनला मिळणारा भाव. ती यादी आजही जवळजवळ तशीच आहे. १९७३ साली शातो मूताँ रोतशिल्ड या वाईन घराण्याला पहिल्या वर्गात बढती मिळाली, हा त्यातला ठळक बदल. त्या वाईन उत्तम आहेत यात वाद नाही. पण भावावरून प्रतिष्ठा ठरली, प्रतिष्ठेवरून पुन्हा भाव ठरत गेला, आणि जवळजवळ पावणेदोनशे वर्षं हे चक्र फिरतंय.

महाग बाटलीत आपण कशाकशाचे पैसे देतो तेही बघावं. नामांकित गावातली जमीन, जड काच, जाहिरात, आणि ओकच्या लाकडाचं नवं पिंप. बोर्दोच्या पद्धतीचं पिंप २२५ लिटरचं, त्यातून साधारण ३०० बाटल्या निघतात. नवं पिंप घेतलं की त्याचा खर्च या ३०० बाटल्यांवर पडतो. पण कितीतरी चांगल्या वाईनना पिंपाची गरजच नसते. स्टीलच्या टाकीत आंबवून लवकर बाटलीत भरलेली ताजी, रसरशीत वाईन हा काही दुय्यम प्रकार नाही.

म्हणूनच शोधणाऱ्याला कमी पैशातही चांगली वाईन सापडते. शॅम्पेन ज्या पद्धतीनं करतात, म्हणजे बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून, त्याच पद्धतीनं स्पेनमध्ये कावा आणि फ्रान्समध्ये क्रेमाँ या फेसाळ वाईन करतात. शॅम्पेन बाटलीत भरल्यापासून किमान १५ महिने मुरवावी लागते, कावा किमान ९. फरक आहे, पण किमतीत दिसतो तेवढा नाही; बाकीचा फरक जमिनीचा आणि नावाचा. फ्रान्समधल्या लुआर नदीच्या मुखाशी होणारी मस्कादे, दक्षिण आफ्रिकेची शेनाँ ब्लाँ, स्पेनमधल्या जुन्या वेलींची गार्नाचा, पोर्तुगालमधल्या स्थानिक द्राक्षांच्या रेड वाईन. यांची नावं पटकन तोंडात बसत नाहीत, म्हणून मागणी कमी आणि भावही उतरलेला. मला हे कळायला कित्येक वर्षं आणि बऱ्याच वाया गेलेल्या बाटल्या लागल्या. प्रत्येकानं असंच ठेचा खात शिकावं का?

आता लेबलाकडे वळते. आत्ता माझ्यासमोर दोन बाटल्या आहेत. एक फेसाळ, तिच्यावर 'ब्रूट' छापलंय. युरोपीय संघात फेसाळ वाईनवर गोडव्याचा प्रकार लिहिणं सक्तीचं आहे आणि प्रत्येक शब्दाला मोजमाप आहे: ब्रूट म्हणजे लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर, एक्स्ट्रा ड्राय म्हणजे १२ ते १७, दमी-सेक म्हणजे ३२ ते ५०. (एक्स्ट्रा ड्राय ही ब्रूटपेक्षा गोड असते, हे ऐकून माझ्या ओळखीतले सगळेच चकित झाले. तिथेही शब्दापेक्षा आकडा छापलेला बरा.) दुसरी बाटली साध्या रेडची. तिच्या पाठीवर आठ ओळी आहेत. डोंगरउतार, मावळतीचं ऊन, घराण्याची परंपरा. गोड की कोरडी, याचा पत्ता नाही, कारण साध्या वाईनवर ते लिहिणं तिथे ऐच्छिक आहे. बाजारातल्या अनेक स्वस्त रेडमध्ये थोडी साखर ठेवून तुरटपणा मऊ केलेला असतो. ज्याला ते आवडतं त्यानं खुशाल घ्यावी. पण घेण्याआधी ते कळायला हवं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ते विकणाऱ्याच्या बाजूनं खरं. पैसे मोजणाऱ्यानं मूठ झाकलेली का चालवून घ्यावी?

त्याच रेडवर सोनेरी अक्षरांत 'रिझर्व्ह' असंही आहे. स्पेनमधल्या रिओहा प्रदेशात 'रेसेर्वा' (म्हणजे रिझर्व्हच) लिहायचं तर रेड वाईन किमान ३ वर्षं मुरवावी लागते, त्यातलं किमान १ वर्ष ओकच्या पिंपात. तिथे त्या शब्दाला कायद्याचं वजन आहे. अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा कित्येक ठिकाणी 'रिझर्व्ह'ला कायदेशीर व्याख्याच नाही. कोणीही, कशावरही छापू शकतो. 'जुन्या वेली' या शब्दांचंही बहुतेक ठिकाणी तसंच. दक्षिण आफ्रिकेत मात्र ३५ वर्षं किंवा त्याहून जुन्या बागांच्या वाईनला खास शिक्का मिळतो आणि त्यावर वेली लावल्याचं वर्ष असतं. एवढासा शिक्का, पण तो पाहून मी अनोळखी बाटलीही बिनधास्त घेते.

माझी सगळ्यात कळकळीची मागणी बाटलीत भरल्याच्या तारखेची आहे. वाईन जितकी जुनी तितकी चांगली, ही समजूत घराघरांत आहे. ती लागू पडते मोजक्याच वाईनना. परवडणाऱ्या दरातल्या बहुतेक वाईन वर्षा-दोन वर्षांत पिण्यासाठीच केलेल्या असतात. त्यानंतर फळाचा गंध उतरत जातो आणि मागे नुसता आंबटपणा उरतो. खोक्यातल्या पिशवीची वाईन त्याहूनही लवकर उतरते, कारण प्लास्टिकमधून हवा हळूहळू आत शिरते. एरवी ती सोय फार चांगली आहे; १९६५ साली ऑस्ट्रेलियाच्या थॉमस अँगोव्ह यांनी ती काढली आणि रोज एकच पेला घेणाऱ्यासाठी तिच्याइतकी काटकसरीची दुसरी नाही. पण ती भरली कधी, हे कळल्याशिवाय काय उपयोग? द्राक्षांच्या हंगामाचं वर्ष बऱ्याच बाटल्यांवर असतं, सगळ्यांवर नसतं, आणि भरल्याची तारीख तर जवळपास कुठेच नसते. ती कारखान्याला ठाऊक असते. युरोपात बाटलीवर 'एल'नं सुरू होणारा तुकडी क्रमांक असतो, तो पाहून कारखाना तारीख सांगू शकतो. मला त्या क्रमांकातून काहीच वाचता येत नाही. माहिती बाटलीवरच आहे, फक्त माझ्या भाषेत नाही.

उजेडाचंही तेच. एकदा एका दुकानाच्या दर्शनी काचेत ऊन खात उभी असलेली रोझे मी रंगाला भुलून घेतली. पारदर्शक काच, सुरेख गुलाबी. घरी उघडली तर ओल्या लोकरीसारखा वास. मला वाटलं, स्वस्तातली म्हणून अशी. पुढे कळलं की पारदर्शक काचेतली व्हाईट आणि रोझे तीव्र उजेडात काही तासांतही बिघडू शकते. करणाऱ्यानं नीट केली होती, ठेवणाऱ्यानं घालवली, आणि बोल लागला स्वस्ताईला. अन्नपदार्थ कुठे आणि कसे ठेवायचे याचे नियम आहेत. वाईन उन्हात आणि उकाड्यात ठेवू नये, एवढा नियम आणि त्याची तपासणी आपलं खातं करू शकतं.

करावर फार लिहीत नाही, तो आपला रोजचा विषय. लिटरमागे ठरावीक कर असेल तर स्वस्त बाटलीच्या किमतीत कर, काच, बूच आणि वाहतूक यांचाच वाटा मोठा होतो आणि द्राक्षांसाठी फार थोडं उरतं. तळापासून एकच पायरी वर गेलं की दर्जात मोठी उडी दिसते, ती यामुळे. ब्रिटननं १ ऑगस्ट २०२३पासून मद्यार्काच्या प्रमाणावर कर लावला, तर उष्ण प्रदेशातल्या कडक रेडना तो जास्त बसू लागला. म्हणजे प्रत्येक पद्धतीत कोणाला तरी झळ आहेच. कर आपल्याला योग्य वाटेल तो ठेवा. त्यातला किती माझ्या बाटलीवर आहे, हे पावतीवर येऊ द्या.

लेबल बदलणं अवघड आहे, असं आपल्याला सांगितलं जाईल. युरोपीय संघानं ८ डिसेंबर २०२३पासून वाईनचे घटक आणि पोषणमूल्य जाहीर करणं सक्तीचं केलं, त्यातली बरीचशी माहिती क्यूआर कोडमधून द्यायची सवलत दिली, आणि ते सुरू झालं. खरं लिहिल्यानं उत्पादकाचं नुकसान होतं असंही नाही. चिलीमध्ये वर्षानुवर्षं मर्लो या जातीची म्हणून विकली जाणारी बरीच द्राक्षं प्रत्यक्षात कार्मेनेर या वेगळ्याच जातीची होती. १९९४ साली फ्रेंच वेलतज्ज्ञ जाँ-मिशेल बुर्सिको यांनी ती ओळखली. नाव खरं लागलं आणि आज कार्मेनेर ही चिलीची स्वतःची ओळख झाली आहे.

तेव्हा साखरेचा आकडा, बाटलीत भरल्याचा महिना आणि वर्ष, 'रिझर्व्ह'सारख्या शब्दांना व्याख्या, आणि दुकानातल्या साठवणीचा नियम एवढं करा. निर्णयाआधी आपल्या अधिकाऱ्यांना शेल्फच्या खालच्या फळीवरच्या दहा बाटल्या आपल्या टेबलावर मांडायला सांगा, आणि कोणती यंदाची आणि कोणती तीन वर्षांपूर्वी भरलेली, हे केवळ लेबल वाचून आपण स्वतः शोधून बघा.

आपली नम्र,
एक ग्राहक