दहावीनंतरची सुटी आणि कांद्याची काढणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एप्रिल उजाडला की पुण्यातील चौकाचौकांत उन्हाळी शिबिरांचे फलक लागतात. पोहणे, रोबोटिक्स, व्यक्तिमत्त्व विकास यांच्या जोडीला अलीकडे ‘शेतीचा अनुभव’ही आला आहे. मुले सकाळी बसने कृषी पर्यटन केंद्रावर जातात, बैलगाडीत बसतात, चुलीवरची भाकरी खातात आणि संध्याकाळी घरी येतात. सहल म्हणून हे चांगलेच आहे. त्याला शेतीचा अनुभव म्हणणे मात्र पटत नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींना सुटीत पंधरवडाभर खरे शेतकाम, तेही रोख मजुरीवर, करता यावे आणि त्याची सोय शाळांनी व कृषी विज्ञान केंद्रांनी मिळून करावी, अशी सूचना करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि अकरावीचे वर्ग जूनच्या आत काही सुरू होत नाहीत. नेमक्या याच दिवसांत खेड, आंबेगाव, जुन्नर, शिरूर या तालुक्यांत रब्बी कांद्याची काढणी चालू असते आणि मजूर मिळत नाहीत म्हणून शेतकरी मेटाकुटीला आलेला असतो. काढलेला कांदा काही दिवस पातीखाली झाकून शेतातच सुकवतात. मग दोन-अडीच सेंटीमीटर मान ठेवून पात कापायची. अगदी बुडापाशी कापली तर कांद्याचे तोंड उघडे राहते आणि चाळीत, म्हणजे कांदा साठवण्याच्या हवेशीर छपरात, तो सडू लागतो. त्यानंतर निवड. जोडकांदा, डेंगळे (फुलाचा दांडा) आलेला, मार लागलेला कांदा बाजूला काढायचा, गोल्टी आणि चिंगळी, म्हणजे लहान आणि अगदी बारीक कांदा, वेगळी करायची, आणि उरलेला निरोगी माल तेवढा चाळीत भरायचा. या कामाला ताकदीपेक्षा नजर आणि हात लागतो. शहरातले मूल पहिले दोन दिवस शेजारी बसलेल्या बायकांना अडचणच करील, हे मान्य; तिसऱ्या दिवशी ते कामाला येते. चाकणच्या किंवा गुलटेकडीच्या बाजारात कांद्याचा भाव एका रात्रीत उतरतो म्हणजे नक्की कोणाचे काय जाते, हे त्याला त्यानंतर वेगळे शिकवावे लागणार नाही.

ही बालमजुरीच नव्हे का, अशी शंका कोणीही घेईल आणि ती रास्त आहे. १९८६ च्या कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मुलांना, घरच्या कामातील मदतीसारखे मोजके अपवाद सोडले तर, कोठेही कामाला लावता येत नाही, आणि १४ ते १८ वयाच्या मुलांना धोकादायक काम देण्यास बंदी आहे. आंध्र प्रदेशात आणि गुजरातेत संकरित कापसाच्या बियाण्यासाठी फुलांचे परागीकरण हाताने करण्याच्या कामावर शाळा सुटलेल्या लहान मुली वर्षानुवर्षे राबल्या. अमेरिकेतील आयोवा, नेब्रास्का या राज्यांत बियाण्याच्या मक्याचे तुरे खुडण्यासाठी शाळकरी मुले सुटीत मजुरीवर जातात. दोन्हीकडे काम बियाण्याचेच आणि हातानेच करायचे. वय, कामाचे तास, हातात पडणारी मजुरी आणि सुटी संपल्यावर शाळा, एवढ्याने सगळा फरक पडतो.

म्हणून अटी कडक हव्यात. काम सकाळी साडेदहाला थांबलेच पाहिजे आणि ते चांगले उजाडल्याशिवाय सुरू करू नये, कारण या भागातील उसाच्या फडांत बिबट्या असतो. औषध फवारणी, ट्रॅक्टर आणि मळणी यंत्र यांच्या जवळपासही मुलांना जाऊ देऊ नये. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने जाणत्या शेतकऱ्यांचे आणि मजुरांचे बळी गेले, हे विसरण्यासारखे नाही. पात कापायला विळ्याऐवजी कात्री द्यावी. सर्पदंशावरील प्रतिविष जवळच्या कोणत्या रुग्णालयात आहे, हे मुले पोहोचण्याआधीच विचारून ठेवावे. मुक्काम गावातच असावा. चाकणच्या वाहतूक कोंडीतून रोज ये-जा करायची तर अर्धी सुटी रस्त्यावरच जाईल.

मजुरी भरलेल्या गोणीवर द्यावी. पहिल्या दिवशी चहापाण्यापुरतेच पैसे मिळतील आणि ते तसेच मिळावेत. मात्र स्वस्तात हात मिळाले म्हणून गावातील बायकांच्या मजुरीचा दर पाडला जाणार नाही, हे आधी ठरले पाहिजे. शिवाय ही योजना शहरी मुलांपुरती ठेवू नये. गावातील मुलांना हे काम नवे नाही; त्यांच्या हातावर पैसे तेवढे कोणी ठेवत नाही.

यासाठी नवी संस्था काढण्याचे कारण नाही. बारामती आणि नारायणगाव येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत, राजगुरुनगरला कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे. हाताने काम करत शिकवण्याची वाट शिरूर तालुक्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमाने १९८३ पासून दाखवली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा ‘दप्तराविना दिवस’ सुचवले आहेत. त्याच विचाराची पुढची पायरी दहावीनंतर येऊ शकते. शिक्षण विभागाने जानेवारीतच तयार असलेल्या शेतकऱ्यांची यादी करावी, अटी मराठीत छापून शाळांकडे पाठवाव्यात आणि पालकांची संमती परीक्षेपूर्वी घ्यावी. पहिल्या वर्षी एकाच तालुक्यात, खेडमध्ये, चार-पाच शाळांपुरता हा प्रयोग झाला तरी पुरे.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे