पावसाळ्याचे रेशन दुकानात नको, पाड्यावर हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नंदुरबार जिल्ह्यातील कुपोषणाच्या बातम्या जुलै-ऑगस्टमध्ये छापून येतात. पण त्या दोन महिन्यांत डोंगरातल्या घरात धान्य असेल की नसेल, हे मे महिन्यातच ठरून गेलेले असते. म्हणून पाऊस सुरू होण्याआधी काय करता येते, ते तपशिलाने लिहीत आहोत.

अक्राणी (धडगाव) तालुका आणि अक्कलकुव्याचा डोंगराळ भाग इथे महसुली गाव म्हणजे एक वस्ती नसते. एका गावाचे अनेक पाडे असतात, वेगवेगळ्या डोंगरधारांवर, मध्ये नाले आणि खोल उतार. रास्त भाव दुकान गावठाणात किंवा रस्त्याच्या कडेला असते आणि सरकारी कागदावरचे अंतर गावठाणापासून मोजलेले असते. अमेरिकेच्या ग्रामीण भागात खाद्यपदार्थांच्या मोठ्या दुकानापासून दहा मैल, म्हणजे सुमारे सोळा किलोमीटरपलीकडे राहणाऱ्यांना अन्नापासून दुरावलेले धरतात. तिथे बहुतेकांच्या दारात मोटार असते. सातपुड्यात दरी उतरून नाला ओलांडून पुन्हा चढायचे असेल, तर चार किलोमीटरही अर्धा दिवस खातात आणि नाल्याला पूर असेल तर ते अंतर पारच होत नाही. नर्मदाकाठची गोष्ट आणखी वेगळी. सरदार सरोवराचे पाणी नाल्यांच्या तोंडांतून आत शिरते, काठाने जाणाऱ्या पायवाटा बुडतात. मणिबेली, चिमलखेडी, भादल या बाजूला होडी किंवा लाँच हाच रस्ता उरतो.

आता वजनाचा हिशोब पाहा. अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य मिळते, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. सहा जणांच्या प्राधान्य कुटुंबाचे ३० किलो होतात. चढावर डोक्यावरून वीस-पंचवीस किलोपेक्षा जास्त नेणे कठीण, म्हणजे दर महिन्याला दोन माणसे किंवा दोन फेऱ्या. त्यातच ई-पॉस यंत्राला नेटवर्क नसेल, किंवा राबून झिजलेल्या बोटांचा ठसा जुळला नाही, तर ती फेरी रिकामीच जाते. एक फेरी म्हणजे एक दिवसाची मजुरी. जानेवारी २०२३ पासून धान्य मोफत झाले, पण दूरच्या पाड्याला ते मोफत पडत नाही.

नियम नाहीत असे नाही. सार्वजनिक वितरणाच्या २०१५ च्या नियंत्रण आदेशात दुकान कार्डधारकाला पोहोचायला अडचण होणार नाही अशा ठिकाणी असावे, डोंगरी व आदिवासी भाग नीट सामावला जावा, असे स्पष्ट म्हटले आहे. संपर्क तुटणाऱ्या गावांना पावसाळ्याच्या चार महिन्यांचे धान्य आधीच पोहोचवण्याची व्यवस्था १९९५ च्या नवसंजीवन योजनेपासून आहे. २०२५ मध्ये तर केंद्रानेच सगळ्या राज्यांना जून ते ऑगस्टचे धान्य एकदम उचलून वाटायला सांगितले. तो आदेश मे महिन्यात निघाला आणि त्या वर्षी पाऊस मेच्या शेवटच्या आठवड्यातच राज्यात येऊन ठेपला.

घोटाळा होतो तो ‘पोहोचले’ या नोंदीत. तालुक्याच्या गोदामातून ट्रक निघाला, दुकानदाराने पोच दिली, की अहवालात नियतनाची, म्हणजे मंजूर धान्याची, शंभर टक्के उचल दिसते. पाड्याच्या दृष्टीने धान्य तेव्हाही नाल्याच्या पलीकडेच असते. दुकानापासून पाड्यापर्यंतच्या वाहतुकीला वेगळा पैसा ठेवलेला दिसत नाही. दुकानदाराला क्विंटलमागे ठरावीक कमिशन मिळते. शंभर कार्डांच्या दुकानाची महिन्याची उलाढाल पंचवीस-तीस क्विंटल, त्यातून तो पिकअप भाड्याने घेणार नाही. त्याला शिव्या देऊन काही साधत नाही. केंद्राच्या सहाय्य नियमांत ईशान्येकडील आणि हिमालयातल्या राज्यांना व बेटांना वाहतूक आणि कमिशनचा दर जास्त आहे आणि त्यातला ७५ टक्के वाटा केंद्र उचलते. महाराष्ट्र सर्वसाधारण गटात मोडतो, दर कमी आणि केंद्राचा वाटा निम्मा. त्यामुळे तोरणमाळच्या घाटाचा हिशोब पुण्याच्या सपाट रस्त्यासारखाच होतो. हा फरक राज्याने स्वतःच्या किंवा आदिवासी उपयोजनेच्या निधीतून भरून काढायला हवा आणि रक्कम काही डोळे फिरवणारी नाही.

चाळीस घरांचा पाडा धरा. घरटी महिन्याला सरासरी ३० किलो, चार महिन्यांचे १२० किलो; पाड्याचे ४८ क्विंटल, म्हणजे ५० किलोचे ९६ कट्टे. दीड टन वाहणाऱ्या पिकअपच्या चार फेऱ्या. मेमध्ये कच्चा रस्ता कोरडा असतो, तेव्हा गाडी बहुतेक पाड्यांच्या जवळपास जाते. जून उजाडला की तोच रस्ता चिखलाचा होतो. कट्टे आठच्या थराने रचले तर दहा बाय बारा फुटांची खोली पुरते. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेची खोली मोकळी असते, पण ती जूनच्या मध्याला परत द्यावी लागते, हे आधीच धरून चालावे.

चारही महिन्यांचे धान्य एकदम घरात टाकणे आम्हाला पटत नाही. गळक्या छपराखाली १२० किलो धान्य टिकवणे अवघड आणि घरात साठा दिसला की उधारीवाला दारात येतो. दोन महिन्यांचे घरी आणि दोन महिन्यांचे पाड्यावरच बचत गटाच्या ताब्यात, ही विभागणी बरी. त्यासाठी पाड्यावर पत्र्याच्या कोठ्या हव्यात. तीन क्विंटलच्या आठ कोठ्यांत चाळीस घरांचे दोन महिन्यांचे धान्य मावते आणि उंदीर शिरत नाहीत. जिथे कट्टेच ठेवायचे तिथे खाली लाकडी फळ्या, जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासून हात-दीड हात सोडून. भिंतीला टेकलेले कट्टे ऑगस्टमध्ये त्याच बाजूने कुजतात. धान्यातला ओलावा १४ टक्क्यांवर गेला की बुरशी धरते, म्हणून गहू आणि ज्वारी ताडपत्रीवर दोन-तीन कडक उन्हे देऊन, पूर्ण गार झाल्यावरच कोठीत भरावी. गरम धान्य बंद केले तर आतून घाम सुटतो. तांदूळ उन्हात वाळवू नये, तडकतो आणि कण्या होतात. कडुनिंबाच्या वाळक्या पाल्याने सोंडे थोडे आवरतात, एवढेच. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या मात्र घरातल्या कणगीत कुणीही टाकू नयेत. त्यांचा वायू झोपलेल्या माणसांना मारतो.

रेशनचा तांदूळ पोषणयुक्त (फोर्टिफाइड) असेल, तर त्यात शंभर दाण्यांमागे साधारण एक दाणा पोषणमूल्य मिसळून तयार केलेला असतो. तो जरा वेगळा दिसतो, म्हणून प्लास्टिकचा समजून निवडून फेकला जातो. वाटपाच्या वेळी पावरी-भिलीत दोन वाक्ये सांगितली तर हे टळेल.

यंत्राचा प्रश्न सुटल्याशिवाय पाड्यावरचे वाटप कागदावर येणार नाही. महिन्या-महिन्याचा व्यवहार वेगळा धरून दर वेळी नवा अंगठा मागितला, तर चाळीस घरांचा दिवस नेटवर्क शोधण्यातच जाईल. आगाऊ वाटपासाठी एकाच ठशावर सर्व महिन्यांची नोंद व्हावी. जिथे नेटवर्क नाही तिथे तलाठी, ग्रामसेवक आणि दक्षता समितीच्या एका सदस्यासमोर नोंदवहीत सही-अंगठा घेऊन धान्य द्यावे. आधार जुळत नाही म्हणून धान्य नाकारू नये, अशा केंद्राच्या सूचना ऑक्टोबर २०१७ पासून आहेत. काटाही पाड्यावर न्यावा. बारदानाचेच वजन अर्ध्या किलोच्या वर असते. कट्टा न मोजता ‘५० किलो’ म्हणून दिला की तूट कार्डधारकाच्या माथी बसते.

नुसत्या धान्याने पोट भरेल, पोषण होणार नाही. पावसाळ्यात मोलगी किंवा धडगावच्या बाजारापर्यंत जाता येत नाही, तेव्हा डाळ, तेल, मीठ हेही घरात नसते. सरकारला ते पोहोचवता येत नाही असे नाही. ‘आनंदाचा शिधा’ योजनेत रवा, चणाडाळ, साखर आणि तेल याच दुकानांतून वाटले गेले, फक्त सणापुरते. २०२० च्या खावटी अनुदान योजनेत कुटुंबामागे चार हजार रुपये होते, निम्मे रोख आणि निम्मे कडधान्य, तेल, मिठासकट वस्तूंचे. पण त्या वस्तू हातात पडायला पुढचे वर्ष उजाडले. मेच्या त्याच पिकअपमध्ये घरटी आठ किलो डाळ आणि चार लिटर तेल चढवले, तर वाहतुकीचा वेगळा खर्चही पडत नाही. गव्हाऐवजी ज्वारी देण्याचाही विचार व्हावा. अन्न सुरक्षा कायद्यात भरड धान्याची तरतूद आहेच. ज्वारी-मक्याची भाकर इथल्या ताटातली आहे आणि वीज गेली, गिरणी बंद पडली, तरी ज्वारी जात्यावर दळता येते.

इष्टांकाचे, म्हणजे किती जणांना रेशन द्यायचे या ठरवून दिलेल्या आकड्याचे, दुखणे राज्यभराचे आहे. २०११ च्या जनगणनेवर बेतलेली सुमारे सात कोटींची मर्यादा आजही कायम आहे, त्यामुळे नवी सून आणि लहान मुले कार्डावर चढत नाहीत. संपर्क तुटणाऱ्या गावांपुरती तरी ही अट सैल करावी.

शेवटी हक्काचे. ठरलेले धान्य मिळाले नाही तर कायद्याच्या कलम ८ नुसार अन्न सुरक्षा भत्ता देय आहे. हमीभावाच्या सव्वापट रकमेतून रेशनचा दर वजा करून तो काढतात. २०२५-२६ चा गव्हाचा २,४२५ रुपये क्विंटल हा हमीभाव धरला, तर सव्वापट म्हणजे किलोला सुमारे ३० रुपये होतात. मात्र कार्डधारक धान्य मागायला दुकानात आलाच नाही, अशी नोंद झाली की भत्ता बुडतो आणि पुरात अडकलेला पाडा नेमका याच नोंदीत बसतो. तेव्हा तहसील कार्यालयाने १५ मेपूर्वी पाड्यांची नावे आणि वाटपाची तारीख असलेली यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. ज्या पाड्याचे नाव यादीत नसेल, तिथल्या कार्डधारकांनी शिधापत्रिकेचा बारा अंकी क्रमांक घालून धान्य मागणारा एकत्र लेखी अर्ज मेमध्येच तहसीलदारांकडे द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारखेसह पोच घ्यावी.

आपले,
अक्राणी-अक्कलकुवा परिसरातील काही वाचक