चित्रपट-समीक्षेला तारे नकोत, जागा हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शुक्रवारच्या पुरवणीत नव्या चित्रपटावर तीनशेएक शब्द येतात आणि वर तारे. त्यातले निम्मे शब्द कथानकात जातात, शंभरेक कलाकारांच्या कामात. उरलेल्या पन्नासांत छायाचित्रण ‘नेत्रसुखद’ आणि संगीत ‘श्रवणीय’. दोष लिहिणाऱ्याचा नाही. एकदाच पाहून त्याच रात्री मजकूर द्यायचा म्हटल्यावर विशेषणांपलीकडे हाताला काही लागत नाही.

गंभीर समीक्षा सुरू होते ती दृश्य नेमके सांगण्यापासून. ‘फॅन्ड्री’त (२०१३) डुक्कर बांबूला बांधून जब्या, म्हणजे चित्रपटाचा नायक असलेला मुलगा, आणि घरचे शाळेच्या भिंतीसमोरून नेतात. भिंतीवर डॉ. आंबेडकर, सावित्रीबाई फुले यांची चित्रे आहेत. ‘भेदक सामाजिक भाष्य’ एवढेच लिहिले तर वाचकाने काय पाहायचे? भिंत चौकटीचा किती भाग व्यापते, दृश्य किती सेकंद टिकते, त्या वेळी आवाज कशाकशाचा आहे, हे लिहिले की वाचक दुसऱ्यांदा पाहताना स्वतः पडताळू शकतो. समीक्षेवर वाद घालता येतो तो अशा पडताळणीमुळेच. ताऱ्यांवर काय वाद घालणार!

यासाठी लागणारे साहित्य तालुक्याच्या गावीही आहे. पहिल्यांदा वहीशिवाय पाहावे. दुसऱ्यांदा मोबाइलवर घड्याळ लावून कोणतीही १० मिनिटे निवडावीत आणि त्यातले शॉट, म्हणजे दोन कटांमधले सलग तुकडे, मोजावेत. ६०० सेकंदांत ६० शॉट असतील तर सरासरी १० सेकंद, २०० असतील तर ३. मारामारीत ३ सेकंद खपून जातात. बाप-लेकाच्या अबोल्यात तोच वेग असेल, तर दिग्दर्शकाचा नटांवर विश्वास नाही की संकलकाला घाई होती, हे शोधावे लागते. नंतर पाच मिनिटे पडद्याकडे पाठ करून नुसते ऐकावे. पार्श्वसंगीत कुठे भावना आधीच सांगून टाकते, ते तेव्हा कळते. अंधारात लिहिताना एका पानावर एकच टिपण करावे. नाहीतर ओळीवर ओळ चढते आणि घरी काही वाचता येत नाही.

आपल्या भागातला समीक्षक यात स्वतःची भर घालू शकतो. सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) वऱ्हाडातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचा आहे. अशा चित्रपटात काळ किती सरला हे पऱ्हाटी, म्हणजे कापसाचे झाड, सांगते: जूनची पेरणी, पाऊस लांबला की वाळलेले अंकुर, दुबार पेरणी, मग पात्या (कळ्या), फुले, बोंडे, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास वेचणी. पीक ओळखणाऱ्याला पडद्यावरच्या तारखेची पाटी लागत नाही, आणि पिकाचा क्रम चुकला तर तेही त्यालाच आधी दिसते. बोलीचेही तसेच. ‘मले’, ‘कायले’ पेरले म्हणजे वऱ्हाडी झाली नाही. ‘जाऊन राहिलो’ हे क्रियापद आणि त्याचा हेल नटाच्या तोंडात बसला का, हे लिहायला इथलाच कान हवा. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत तर दिवाळीनंतर रात्र-रात्र नाटके रंगतात आणि त्यांच्यावर चार ओळींचेही परीक्षण कुठे येत नाही. तो विषय वेगळा, पण दुखणे हेच.

लांब लेखाला जागा मिळाली की काय होते ते फ्रान्सने पाहिले. ‘काहिए द्यू सिनेमा’ हे मासिक १९५१ साली निघाले. जानेवारी १९५४ मध्ये त्यात फ्रान्स्वा त्रुफोचा दीर्घ लेख आला तेव्हा तो २१ वर्षांचा होता. पाच वर्षांनी त्याने पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट केला. मराठीत मुंबईच्या प्रभात चित्र मंडळ या फिल्म सोसायटीचे ‘वास्तव रूपवाणी’ आहे. पण अशी नियतकालिके पेपरच्या एजंटाकडे मागून मिळत नाहीत. खप थोडा, त्यामुळे कमिशन परवडत नाही. वर्गणी थेट पाठवावी लागते, अंकांचे जोडअंक होतात, एखादा टपालात हरवतो. वैयक्तिक वर्गणीतला अंक एका घरात राहतो, म्हणून ती शासनमान्य वाचनालयाच्या नावाने भरावी, आलेल्या अंकांची नोंद ठेवावी आणि वर्षाचे अंक एकत्र बांधून घ्यावेत.

आपल्याकडे मागणी एवढीच. जिल्हा पानावर पंधरा दिवसांतून एकदा ९०० शब्द द्यावेत. लेख प्रदर्शनानंतर दोन आठवड्यांनी आला तरी चालेल, म्हणजे दुसऱ्यांदा पाहायला सवड मिळते. तारे नकोत. छायाचित्रकार, संकलक आणि ध्वनी-आरेखक यांची नावे मात्र हवीत. जाहिरात आली म्हणून मजकूर कापायची वेळ आलीच, तर कथानकाचा परिच्छेद आधी कापावा, दृश्याचे वर्णन ठेवावे.

— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ