काकांची पत्रे फाइलींमध्ये उतरवून घेण्याविषयी

पुणे

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, जुना संगणक बंद पडला तरी काकांची पत्रे मेलमध्ये आहेतच, असे तुम्ही परवा फोनवर म्हणालात, त्याविषयी सविस्तर लिहिण्यासाठी हे पत्र. तुमचे ते जुने खाते ‘पॉप’ पद्धतीने जोडलेले होते, म्हणजे आलेले पत्र सर्व्हरवरून आपल्या संगणकात उतरवून घेतले जाई आणि मग तिकडून पुसले जाई. त्यामुळे काकांनी कॅनडातून इतकी वर्षे लिहिलेली पत्रे आज एकाच ठिकाणी आहेत, आणि ते ठिकाण म्हणजे कोल्हापुरात शाहूपुरीतल्या आपल्या घरातली ती हार्ड डिस्क. काका आता नाहीत. ती पत्रे पुन्हा कोणी पाठवणार नाही, म्हणून ती मेलच्या प्रोग्रॅममधून बाहेर काढून सुट्या फाइली करून ठेवाव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रोग्रॅमच्या भरवशावर राहता येत नाही, हे तुम्ही स्वतः पाहिले आहे. विंडोज व्हिस्टा आले तेव्हा आउटलुक एक्स्प्रेस हा मेलचा प्रोग्रॅम त्यातून वगळला गेला, आणि तो ज्यांत पत्रे साठवी त्या डीबीएक्स फाइली आजचे प्रोग्रॅम सहसा उघडत नाहीत. तुम्ही वेळेवर सगळे थंडरबर्ड या दुसऱ्या मेल प्रोग्रॅममध्ये आणले म्हणून पत्रे शाबूत राहिली. पण थंडरबर्डही एका फोल्डरमधली सारी पत्रे साधारणपणे एकाच लांबलचक ‘एमबॉक्स’ फाइलीत एकाखाली एक लिहून ठेवतो, आणि त्या फाइलीच्या नावावरून आत काय आहे हे परक्या माणसाला कळत नाही.

याउलट ‘ईएमएल’ प्रकारात एका पत्राची एक फाइल होते आणि ती अनेक मेल प्रोग्रॅमना वाचता येते. अशी एखादी फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहा. वरच्या ओळींत पाठवणारा, घेणारा, तारीख आणि विषय दिसेल, मग एक रिकामी ओळ आणि त्याखाली मजकूर. ही मांडणी १९८२ साली ठरली आणि मूळ रूपात आजही तीच चालते, म्हणून मला तिचा विश्वास वाटतो. मराठी मजकुराच्या जागी बरोबरची (=) चिन्हे आणि इंग्रजी अक्षरे-आकडे यांची रांग दिसली तर घाबरू नका. मेल प्रोग्रॅममध्ये तेच पत्र नीट मराठीत उघडेल. जोडलेले फोटोही अक्षरांच्या रूपात त्याच फाइलीत असतात, म्हणून तिचा आकार फोटोंच्या मूळ आकारापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. नुसती पीडीएफ किंवा छापील प्रत काढली तर जोडलेले फोटो मागे राहतात. एक अपवाद मात्र करा. काकांची सुरुवातीची काही पत्रे ‘शिवाजी’ फॉन्टमध्ये टाइप केलेली आहेत, आणि तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती निरर्थक रोमन अक्षरे दिसतील. तेवढ्या पत्रांची, फॉन्ट असलेल्या याच संगणकावर, पीडीएफही काढून ठेवा.

कृती अवघड नाही. फोल्डरमधली पत्रे निवडून ‘सेव्ह ॲज’ करा आणि ती वर्षवार फोल्डरांत ठेवा. नावाच्या सुरुवातीला आधी वर्ष, मग महिना, मग दिवस घातला की फाइली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. ‘सेंट’ फोल्डर मात्र विसरू नका, कारण अर्धा संवाद तिथे आहे. २००५ च्या पुरात पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पाणीपातळी तुम्ही काकांना रोज कळवत होता. ४३ फुटांची धोका पातळी ओलांडल्यावर त्यांनी लिहिलेले घाबरे प्रश्न इनबॉक्समध्ये आहेत, पण तुमची उत्तरे सेंटमध्ये. आणि आई, तू सांगितलेली आणि बाबांनी टाइप केलेली पांढऱ्या रश्श्याची कृतीही तिथेच आहे. खसखस किती वेळ भिजवायची हे तू इतके बारकाईने दुसरीकडे कुठेच सांगितलेले नाहीस.

फाइली तयार झाल्या की फोल्डरमधली पत्रांची संख्या आणि फाइलींची संख्या जुळते का ते पाहा आणि निरनिराळ्या वर्षांतल्या काही फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. मग दोन प्रती करा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर दोन्ही प्रती शाहूपुरीत ठेवणे मला बरोबर वाटत नाही. एक वरच्या मजल्यावरच्या कपाटात असू द्या आणि दुसरी पेन ड्राइव्हमध्ये घालून माझ्याकडे पाठवा. ती मी येथे हार्ड डिस्कवर उतरवून घेईन, कारण पेन ड्राइव्ह वर्षानुवर्षे जपून ठेवण्यासाठी नाही.

मी येथे फाइली उघडून पाहिल्याचे कळवीपर्यंत मूळ पत्रे पुसू नका आणि तो संगणक भंगारात देऊ नका. फाइली जास्त असल्या तर दिवाळीला येईन तेव्हा उरलेले काम आपण दोघे बसून पुरे करू. तोवर निदान काकांचा फोल्डर तेवढा आधी उतरवून घ्या.

तुमची लेक