यंत्रशाळेतल्या शिक्षकाला परीक्षक-मंडळात जागा द्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

वास्तुकलेची महाविद्यालये आता आपल्या माहितीपुस्तिकांत रोबोटिक आर्म, थ्रीडी प्रिंटर आणि सीएनसी राउटर (संगणकाच्या सूचनांनुसार पाते फिरवून फळी कापणारे यंत्र) यांची छायाचित्रे आवर्जून छापतात. यंत्रे आली हे चांगलेच झाले. परंतु ती चालवायला शिकवणारी व्यक्ती आणि विद्यार्थ्याच्या रचनेला गुण देणारी व्यक्ती बहुतेक ठिकाणी वेगवेगळ्या असतात, आणि पहिलीला दुसरीच्या बैठकीत सहसा बोलावलेही जात नाही. संगणकीय रचना आणि डिजिटल फॅब्रिकेशन (संगणकातल्या मॉडेलवरून यंत्रांनी वस्तू घडवणे) शिकवणाऱ्या आम्हा मंडळींनी या एका विसंगतीकडे गांभीर्याने पाहावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आरेखन करणारा आणि बांधणारा यांच्यातले अंतर कमी करता येईल, ही या विद्येची मूळ उमेद. पंधराव्या शतकात इटालियन वास्तुविशारद व ग्रंथकार अल्बर्टीने रचनाकाराचे काम मनात योजणे आणि रेखाटणे एवढेच मानले, बांधणे दुसऱ्यांवर सोपवले, आणि पुढे शतकानुशतके हीच विभागणी व्यवसायात आणि शिक्षणात रुजत गेली. 1992च्या ऑलिम्पिकच्या निमित्ताने बार्सिलोनाच्या किनाऱ्यावर वास्तुविशारद फ्रँक गेरी यांच्या कार्यालयाने माशाच्या आकाराचे भव्य धातुशिल्प उभारले, तेव्हा विमान उद्योगासाठी तयार झालेले कॅटिया हे सॉफ्टवेअर त्यासाठी वापरण्यात आले आणि त्रिमितीय संगणकीय मॉडेल थेट कारखान्यापर्यंत पोहोचले. 1997 साली खुल्या झालेल्या बिल्बाओच्या गुगेनहाइम संग्रहालयात तीच पद्धत कितीतरी मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. विद्यार्थ्यांच्या लक्षात राहते ते तिथले वळणदार टायटॅनियम. रचनाकार आणि पोलादकाम करणारे एकाच मॉडेलवर काम करत होते, ही त्याहून महत्त्वाची गोष्ट मात्र आमच्या व्याख्यानांत एका वाक्यात आटोपते.

पडद्यावर दोन फळ्यांचा सांधा नेहमीच बिनचूक बसतो, कारण तिथे फळीची जाडी म्हणजे केवळ एक आकडा असतो. प्रत्यक्षात 18 मिलिमीटर म्हणून आलेले प्लायवुड मोजायला घेतले तर ते क्वचितच नेमके 18 भरते, आणि दमट हवेत ते आणखी फुगते. लेझर आपल्या झोताच्या रुंदीइतके द्रव्य जाळून टाकतो. ही रुंदी बहुधा मिलिमीटरच्या काही दशांशांत असते, पण वीस खाचांच्या ओळीत ती साठत गेली की शेवटचा तुकडा बसत नाही. राउटरचे पाते गोल फिरत असल्यामुळे आतला कोपरा त्याला काटकोनात कापता येत नाही, म्हणून पाते कोपऱ्यात थोडे पुढे नेऊन जास्तीची खाच ठेवावी लागते. तसे न केल्यास दुसऱ्या फळीचे चौकोनी टोक आत शिरतच नाही. काँक्रीट छापणाऱ्या यंत्राची तऱ्हा निराळी असली तरी धडा तोच आहे. वरचा थर फार लवकर पडला तर खालचा दबतो आणि फार उशिरा पडला तर दोन थर एकजीव होत नाहीत, त्यामुळे भिंतीची लांबी, तिची वळणे आणि नळीचा वेग हे सारे या वेळेच्या हिशेबातून ठरवावे लागते. हा हिशेब ‘नंतरचे तांत्रिक तपशील’ म्हणून बाजूला ठेवता येत नाही, कारण भिंतीचा आकार त्यातूनच निघतो. आणि तो ज्याला तोंडपाठ असतो, तो माणूस स्टुडिओत, म्हणजे रचनेच्या वर्गात, नसून यंत्रशाळेत असतो. पात्याचा आवाज बदलला की वेग चुकला हे त्याला आकडे पाहण्याआधीच कळते.

हे ज्ञान रचनेच्या आरंभीच हाती आले तर काय घडते, याची चांगली उदाहरणे आहेत. झुरिचच्या ईटीएच विद्यापीठातील ब्लॉक रिसर्च ग्रुपने 2016च्या व्हेनिस बिएनाले या वास्तुकला-प्रदर्शनात ‘आर्माडिलो व्हॉल्ट’ हा दगडी घुमट उभा केला. चुनखडीच्या 399 तुकड्यांचा, कोणताही चुना किंवा सिमेंट न वापरता केवळ परस्परांच्या दाबावर उभा राहिलेला आणि सुमारे 16 मीटर अंतर पेलणारा हा घुमट संगणकीय गणिताचा नमुना म्हणून दाखवला जातो, आणि ते खरेही आहे. तथापि, प्रत्येक दगडाची वरची बाजू सपाट का ठेवली, याचे उत्तर दगड कापण्याच्या कामात सापडते: दगड यंत्रावर उलटावा लागू नये, म्हणजे वेळ वाचतो आणि उलटताना होणारी चूकही टळते. खालच्या बाजूला करवतीने समांतर चरे पाडून उरलेले पापुद्रे हातोडीने फोडले, आणि त्या खुणा तशाच राहू दिल्या. दगडकाम करणाऱ्यांना केवळ शेवटी ठेका दिला असता, तर हा घुमट असा झालाच नसता.

इंग्लंडमधील हूक पार्क या जंगलात लंडनच्या एए स्कूल या वास्तुकला-महाविद्यालयाची कार्यशाळा आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी बीच झाडांच्या बेचक्या थ्रीडी स्कॅन करून, प्रत्येक बेचकीचा नैसर्गिक कोन गृहीत धरून, एका गोदामाच्या छताची कमान रचली आणि तिचे सांधे रोबोटकडून कोरून घेतले. सरळ लाकडाच्या बाजारात ज्या बेचकीला किंमत नसते, तीच इथे सर्वांत बळकट सांधा ठरली, कारण तंतूंची दिशा झाडानेच जुळवून ठेवलेली होती. इथे रोबोट लागला तो वेड्यावाकड्या लाकडाशी जुळवून घेण्यासाठी. रोबोट आहे म्हणून काहीतरी वेडेवाकडे रचायचे, हा क्रम आमच्याकडे फार पाहायला मिळतो (आणि त्याची छायाचित्रे उत्तम येतात, हेही मान्य केले पाहिजे).

विद्यार्थी रचनाकार होणार आहे, सुतार किंवा यंत्रचालक नव्हे, असा आक्षेप यावर घेतला जातो. हा आक्षेप कागदी नकाशांच्या काळात काही प्रमाणात टिकला असता, कारण तेव्हा नकाशा आणि वस्तू यांच्यामध्ये कारागीर उभा असे आणि नकाशातली चूक तो आपल्या अनुभवाने सावरून घेई. आज विद्यार्थ्याने तयार केलेली फाइल थेट पाते फिरवते. मधला माणूस काढून टाकल्यावर त्याची जबाबदारी कोणीतरी उचललीच पाहिजे, आणि ती फाइल करणाऱ्यावरच येते.

मूल्यमापनाचा नमुनाही नव्याने शोधायला नको. अमेरिकेतील एमआयटीत प्राध्यापक नील गर्शनफेल्ड यांनी 1998 साली सुरू केलेल्या अभ्यासक्रमातून पुढे फॅब लॅब या डिजिटल कार्यशाळा आणि फॅब अकॅडमी हा त्यांतून शिकवला जाणारा अभ्यासक्रम उभा राहिला. फॅब अकॅडमीत विद्यार्थ्यांच्या गटाला आपल्या लेझर कटरची झोताची रुंदी आणि सांध्यातली ढिलाई स्वतः मोजून नोंदवावी लागते आणि दर आठवड्याच्या कामाची नोंद, फसलेल्या भागासह, सर्वांसमोर ठेवावी लागते. वास्तुकलेच्या अंतिम परीक्षेत मात्र मोठ्या आकाराचे रंगीत छापील तक्ते लावले जातात, शेजारी पांढरे मॉडेल असते, आणि ते कितव्या प्रयत्नात जमले हे कोणी विचारत नाही.

फॅब्रिकेशनचा समावेश असलेल्या प्रत्येक स्टुडिओच्या परीक्षक-मंडळात यंत्रशाळेच्या प्रमुखाला पूर्ण मताधिकारासह बसवावे, अशी माझी सूचना आहे. मेजावर पूर्ण आकाराचा निदान एक सांधा, तो ज्या फाइलने कापला ती फाइल आणि एक कॅलिपर (जाडी अचूक मोजण्याचे साधन) असावे, व फाइलमधले माप आणि हातातल्या वस्तूचे माप यांत पडलेला फरक विद्यार्थ्याने स्वतः समजावून सांगावा. वाया गेलेल्या फळ्या आणि दगड यांची नोंदही गुणांसाठी विचारात घ्यावी. नवा रोबोट घेण्याचा प्रस्ताव संस्थेपुढे येईल, तेव्हा त्याच प्रस्तावात तो चालवणाऱ्या आणि शिकवणाऱ्या व्यक्तीच्या कायम नेमणुकीची तरतूद आहे की नाही, हे मंजुरी देणाऱ्यांनी आधी विचारावे.

आपला विश्वासू,
एक वास्तुविशारद व अध्यापक