आधी अपोफिलाइट, मग बाकीचे

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, आपल्या दगड-स्फटिकांच्या संग्रहाचे फोटो काढायला नवा कॅमेरा लागणार नाही. ज्याला त्याला वाटतं की लेन्स कमी पडते. खरं तर खोटा पडतो तो उजेड. ट्यूबलाइट बंद, खिडकीचा पडदा ओढलेला, आणि टेबलावर ५००० केल्व्हिनचे (म्हणजे दिवसासारख्या पांढऱ्या उजेडाचे), सीआरआय, म्हणजे रंग खरे दाखवण्याचा आकडा, ९० च्या वर असलेले दोन एलईडी दिवे, एवढं करा. खिडकीचा निळसर आणि ट्यूबचा हिरवट उजेड एकत्र आला की अपोफिलाइटचा, म्हणजे आपल्या त्या काचेसारख्या स्फटिकाचा, हिरवा पिवळट होतो आणि नंतर एडिटिंगमध्ये तो कितीही ओढला तरी सुधारत नाही. हॅलोजन नको, तो फार तापतो. हे सगळे झिओलाइट (बेसॉल्टच्या, म्हणजे आपल्या काळ्या दगडाच्या, पोकळ्यांत वाढणारी खनिजं) आणि त्यांचे सोबती पाणी धरून असलेले दगड आहेत. अपोफिलाइटला तर ते नावच तापवल्यावर पापुद्रे सुटतात म्हणून पडलं.

दोन्ही दिव्यांपुढे हातभर अंतरावर बटर पेपर ताणून लावा. उघडा दिवा स्फटिकाच्या पैलूवर पांढरा ठिपका उमटवतो. कागदामागचा दिवा तोच पैलू सबंध उजळवतो. फोटोवर आडवे पट्टे आले तर दिवा मिणमिणतोय असं समजा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवलं की पट्टे जातात.

आता पाषाणच्या खाणीतला हिरवा अपोफिलाइट. समोरून उजेड टाकलात तर तो काळपट दिसेल, कारण त्याच्या मागे बेसॉल्ट आहे आणि आत गेलेला प्रकाश परत येत नाही. नखाएवढा पांढरा कागद कापून स्फटिकाच्या मागे, कॅमेऱ्याला दिसणार नाही असा सरकवा. एक दिवा मागून डावीकडे घ्या. हिरवा लगेच उमलतो. आई, हे काम तुझं: बाबा फोनमध्ये बघतील आणि तू दगड अगदी थोडा, दोन-तीन अंश, फिरवत राहा. दिवा हलवू नका, दगडच हलवा. टोकाचे पैलू काचेसारखे आणि सपाट माथा मोत्यासारखा चमकतो. दोन्ही एकदम दिसतील असा कोन सापडला की थांबा. पोलरायझिंग फिल्टर लावू नका. तो चकाकी खातो आणि स्फटिक प्लॅस्टरचा वाटतो.

फोन स्टँडवर, दगडापासून वीस-पंचवीस सेंटिमीटरवर, आणि दोन पट झूम. मॅक्रो मोड टाळा. त्यात फोन बोटभर अंतरावर येतो, त्याचीच सावली पडते आणि कडा वाकड्या दिसतात. टायमर दोन सेकंदांचा ठेवला की बोटाचा धक्का फोटोत उतरत नाही. दगड पडला तर म्हणून टेबलावर जाड टॉवेल अंथरा, त्यावर फोटोचा कागद. मागे काळी मखमल नको, तिची तुसं दगडाला चिकटतात आणि फोटोत धुळीसारखी दिसतात. गडद करडा कार्डपेपर मागे वाकवून उभा करा. टेबल कुठे संपतं तेच कळत नाही.

उजेडाचं माप मात्र फोनवर सोडू नका. पांढरा स्कोलेसाइट गडद कार्डावर ठेवला की फोन सगळं उजळवायला जातो आणि सुया पांढऱ्या धुरात विरतात. एक्स्पोजर एक पायरी खाली ओढा. स्टिल्बाइटचं उलट, रंगाचं दुखणं आहे: त्याचा पीचसारखा रंग फोनला दिव्याचा दोष वाटतो आणि तो बिचारा दुरुस्त करून टाकतो. आधी करडं कार्ड ठेवून व्हाइट बॅलन्स (फोनचा रंगांचा तोल) लॉक करा, मगच दगड ठेवा.

वाघोलीचा कॅव्हन्साइट, तो निळा दगड, फोनच्या आवाक्याबाहेर. त्याची निळी फुलं पाच-सहा मिलिमीटरची. त्याला कपाटातला कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स काढा. सेन्सरवर मूळ आकाराएवढं मोठं करून एफ/८ वर (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा, मोठा आकडा म्हणजे लहान छिद्र) घेतलं की एका फोटोत स्पष्ट दिसतो जेमतेम एक मिलिमीटर खोलीचा थर. एफ/१६ केलं तर जास्त दिसतं, पण सगळंच मऊ पडतं. म्हणून दर ०.४ मिलिमीटर फोकस पुढे सरकवत पंधराएक फोटो घ्या. हेलिकॉन फोकस या सॉफ्टवेअरमध्ये ते जोडून एकच स्पष्ट फोटो करायचं काम माझं. फक्त रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) ठेवा आणि एक्स्पोजर थोडं खाली, कारण हा निळा इतका कडक आहे की फोटोतला निळ्या रंगाचा चॅनल आधी काठोकाठ भरतो आणि पाकळ्यांची रेघ न रेघ सपाट होते. मालिका चालू असताना टेबलाला हात लावू नका, आई, चहा खाली ठेवायचा असेल तरी.

साफसफाई: रबरी ब्लोअर, आणि दणकट दगडांना मऊ ब्रश. ओकेनाइटच्या कापसासारख्या गोळ्यांना मात्र काहीही लावायचं नाही, फुंकरही नको. तंतू एकदा चपटा झाला की परत उभा राहत नाही. दगड टेकवायला पुट्टी वापरलीत तर फक्त खालच्या बेसॉल्टला लावा, स्फटिकाजवळ नको, तेलाचा डाग उतरतो.

शेवटी प्रत्येक नमुन्याचा एक जास्तीचा फोटो: मोजपट्टी आणि जुनी चिठ्ठी शेजारी ठेवून. चिठ्ठीवर गाव, खाण आणि साल आहे. ती सुटली तर दगड नुसता शोभेचा उरतो. फाइलचं नाव चिठ्ठीवरच्या क्रमांकानेच द्या.

पहिले तीन फोटो मला पाठवा, पण व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून. नाहीतर ते दाबून लहान होतात आणि मला पैलूच दिसत नाहीत.

तुमची,
मनू